कात्रीपूर्वीचा हिशेब

कापडाच्या बहुतेक दुकानांत भिंतीवर एक पाटी हमखास आढळते : ‘कापलेले कापड परत घेतले जाणार नाही.’ ग्राहकाला ती केवळ सूचना वाटते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्या एका ओळीत धंद्याचे मर्म असते. तागा अखंड आहे तोवर त्याचे मोल कायम राहते. कात्री लागून शेवटचा तुकडा उरला की तो कटपीस होतो आणि त्याचा भाव उतरतो. कात्री उचलण्यापूर्वी विचार करावा, हे कापड-व्यापारी कुटुंबांतील मुलांना निराळे शिकवावे लागत नाही.

हाच विचार अमेरिकेतील गोधडीकाम करणाऱ्या मंडळींनी गेल्या तीन दशकांत संगणकाच्या साहाय्याने पुढे नेला आहे. तेथे गोधडीला ‘क्विल्ट’ म्हणतात. क्विल्टचा आराखडा संगणकावर आखायचा, कोणत्या तुकड्याला कोणते कापड लावायचे हे पडद्यावरच ठरवायचे आणि मगच कापडाला हात लावायचा, ही पद्धत तेथे चांगलीच रूढ झाली आहे. माझी एक भाची ओहायो राज्यातील कोलंबस शहरात राहते. तिच्या एका क्विल्टच्या निमित्ताने मला या कामाचा परिचय झाला. बँकेत सदतीस वर्षे खतावण्या तपासण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला त्यातील हिशेब फार जवळचा वाटला. वाचकांपैकी अनेकांच्या घरी कापडाचा व्यवसाय आहे आणि जवळपास प्रत्येकाच्या कपाटात आई-आजीची एखादी साडी जपून ठेवलेली आहे. दोघांनाही या माहितीचा उपयोग होईल, असे वाटते.

गोधडी आणि क्विल्ट

आपली गोधडी आणि क्विल्ट यांची मूळ कल्पना एकच आहे. आपल्याकडे जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून धावदोऱ्याने एकजीव केली जातात. क्विल्टमध्येही तीन थर असतात : वरचा सजावटीचा थर, मध्ये कापसासारख्या मऊ भरणीचा थर आणि खाली अस्तर. मोठा फरक वरच्या थराच्या रचनेत आहे. तेथे लहान लहान तुकडे ठरावीक आकृतीत जोडून प्रथम एक चौरस तयार करतात. त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. असे वीस-तीस ब्लॉक एकमेकांना जोडले की वरचा थर पूर्ण होतो.

या ब्लॉकना नावे असतात. ‘नाइन पॅच’, ‘लॉग केबिन’, ‘फ्लाइंग गीज’ ही काही प्रसिद्ध नावे. भाचीने निवडलेला ब्लॉक ‘ओहायो स्टार’ होता. बारा इंचांच्या या चौरसात चार-चार इंचांची नऊ घरे असतात. मधले घर आणि चारही कोपऱ्यांतील घरे अखंड कापडाची. उरलेल्या चार घरांत प्रत्येकी चार त्रिकोण. त्या त्रिकोणांतील निम्मे चांदणीच्या कापडाचे आणि निम्मे पार्श्वभूमीच्या कापडाचे घेतले की मधल्या चौरसाभोवती आठ टोकांची चांदणी उमटते. भाषा भूमितीची असली तरी ती पाटावरच्या रांगोळीहून फार दूरची नाही.

या परदेशी कलेच्या इतिहासात भारतीय कापडाचा मोठा वाटा आहे, हेही येथे नमूद करावेसे वाटते. सतराव्या-अठराव्या शतकांत आपल्या देशातील छापील आणि हातरंगी सुती कापड, म्हणजे चीट, जहाजे भरभरून युरोपात जात असे. इंग्रजीतील ‘चिंट्झ’ हा शब्द ‘छींट’ या आपल्या शब्दावरून आला आणि ‘कॅलिको’ हा शब्द कालिकत बंदरावरून. या कापडाची मागणी इतकी वाढली की स्थानिक विणकरांच्या रक्षणासाठी फ्रान्सने १६८६ मध्ये आणि इंग्लंडने १७२१ मध्ये त्यावर कडक बंदी घातली. ती फ्रान्समध्ये १७५९ पर्यंत आणि इंग्लंडमध्ये १७७४ पर्यंत टिकली. चीट महाग होती, म्हणून तिच्यावरील फुले, पाने आणि पक्षी अलगद कापून साध्या कापडावर टाचण्याची रीत युरोपात निघाली आणि पुढे अमेरिकेत गेली. तिला ‘ब्रोदरी पर्स’ म्हणतात. वीतभर किमती कापडात अख्खा पलंगपोस सजवण्याची ती युक्ती होती. मौल्यवान कापड थोडेच वापरावे, पण विचारपूर्वक वापरावे, हा धडा क्विल्ट करणाऱ्यांना तेव्हापासून ठाऊक आहे.

ओहायोतील एक संगणकप्रणाली

क्विल्टच्या आराखड्यासाठी आज अनेक साधने उपलब्ध आहेत. त्यांतील सर्वांत परिचित प्रणाली म्हणजे ‘इलेक्ट्रिक क्विल्ट’. ओहायोतील बोलिंग ग्रीन या गावी पेनी मॅकमॉरिस आणि डीन न्यूमन या दांपत्याने ती विकसित केली. न्यूमन हे गणिताचे प्राध्यापक. पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि आठवी २०१७ मध्ये. आठव्या आवृत्तीच्या संग्रहात सहा हजारांहून अधिक ब्लॉक आणि सहा हजारांहून अधिक कापडांची चित्रे आहेत.

कामाचा क्रम सोपा आहे. प्रथम क्विल्टची मांडणी ठरवायची : ओळी किती, एका ओळीत ब्लॉक किती, एका ब्लॉकचे माप किती. मग संग्रहातून ब्लॉक उचलून घरांत बसवायचा. त्यानंतर कापडांची पट्टी उघडून हव्या त्या तुकड्यावर हवे ते कापड ठेवायचे. एका साधनाने एकच तुकडा बदलतो; दुसऱ्या साधनाने त्या कापडाचे क्विल्टमधील सर्व तुकडे एका टिचकीसरशी बदलतात. संग्रहातील कापडांवरच अवलंबून राहावे लागत नाही. आपल्याजवळच्या कापडाचे छायाचित्र घेऊन तेही या पट्टीत ठेवता येते. शेवटी प्रणाली ब्लॉकच्या तुकड्यांची मापे छापून देते आणि कोणते कापड किती लागेल याचा अंदाजही मांडते.

हे सर्व वाचून एखाद्याला वाटेल की कापडाची निवड आता यंत्रच करते. प्रत्यक्षात निवड माणसालाच करावी लागते. प्रणाली फक्त एक सवलत देते : कात्री न लावता शंभर वेळा मत बदलण्याची.

पाच साड्यांचा प्रश्न

माझी धाकटी बहीण दोन वर्षांपूर्वी वारली. तिच्या नेहमीच्या वापरातील पाच सुती साड्या भाचीने आपल्यासोबत कोलंबसला नेल्या : जांभळी, गडद निळी, मरून, आकाशी आणि मोहरीच्या रंगाची. तिला त्या साड्यांचा क्विल्ट करायचा होता. चार गुणिले पाच, असे वीस ब्लॉक. प्रत्येक साडीच्या वाट्याला चार चांदण्या. तिने प्रणाली विकत घेतली, तेथील क्विल्ट-मंडळात जाऊन काम शिकली; पण महिनोन् महिने साड्या पेटीतच राहिल्या.

एका रविवारी व्हिडिओवर ती म्हणाली, “मामा, कात्री हातात घेते आणि पुन्हा ठेवून देते. एकदा कापली की आईची साडी उरणारच नाही.”

मी म्हणालो, “किती कापायची ते आधी ठरवू. भ्यायचं की नाही, ते मग बघू.”

पुढचे काही रविवार आम्ही पडद्यावर तो क्विल्ट मांडत आणि मोडत होतो. त्यातून कापडनिवडीचे जे नियम स्पष्ट झाले, ते क्रमाने देतो.

आधी फिकट-गडद, मग रंग

कापड निवडताना आपण प्रथम रंग पाहतो. क्विल्टमध्ये मात्र पहिला मान फिकट-गडदपणाला आहे. ब्लॉकची आकृती डोळ्यांना दिसते ती दोन शेजारी तुकड्यांच्या उजळपणातील अंतरामुळे. ते अंतर नसेल तर लाल आणि हिरवा हे परस्परविरुद्ध रंगही दुरून एकमेकांत मिसळून जातात.

‘लॉग केबिन’ हा जुना ब्लॉक या नियमाचे उत्तम उदाहरण आहे. मधल्या लहान चौरसाभोवती पट्ट्या लावत जायचे. कर्णाच्या एका बाजूला सर्व पट्ट्या फिकट, दुसऱ्या बाजूला सर्व गडद. मधला चौरस परंपरेने लाल असतो आणि तो घरातील विस्तवाची खूण मानला जातो. पट्ट्या वाटेल त्या रंगांच्या असोत, फिकट आणि गडद ही विभागणी पाळली की ब्लॉक नुसते फिरवून बसवल्याने कधी नांगराच्या तिरप्या सऱ्या, तर कधी एकात एक सामावलेले मोठे शंकरपाळे क्विल्टभर उमटतात. संपूर्ण नक्षी उजेड-सावलीवर उभी असते.

भाचीने पार्श्वभूमीसाठी गुलाबी कापड योजले होते, कारण तो तिच्या आईचा आवडता रंग. पडद्यावर जांभळ्या, निळ्या आणि मरून चांदण्या ठसठशीत दिसल्या. आकाशी आणि मोहरी या चांदण्या मात्र काही केल्या उठून दिसेनात. गुलाबी, आकाशी आणि मोहरी हे रंग निराळे असले तरी त्या तिन्ही कापडांचा गडदपणा जवळपास सारखा होता. खात्रीसाठी आम्ही पडद्याचे चित्र मोबाइलमध्ये घेऊन कृष्णधवल केले. वीसपैकी आठ चांदण्या राखाडी पार्श्वभूमीत नाहीशा झाल्या! ही परीक्षा कोणालाही घरच्या घरी करता येईल. पाच कापडे शेजारी ठेवून त्यांचे कृष्णधवल छायाचित्र काढले की त्यांचा खरा क्रम लगेच कळतो.

गुलाबीच्या जागी मोतिया पांढरे कापड ठेवताच वीसही चांदण्या उमटल्या. गुलाबी कापड वाया गेले नाही. ते पुढे अस्तरासाठी वापरले गेले.

शेजाऱ्याचा परिणाम

रंगाविषयी एक शोध कापड-व्यवसायाच्या पोटीच लागलेला आहे. पॅरिसच्या गोबेलिन येथील प्रसिद्ध विणकामशाळेत मिशेल शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ रंगविभागाचे प्रमुख होते. तेथील काळ्या धाग्यांना पुरेशी खोली येत नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले तेव्हा काळ्या रंगात काहीच उणे आढळले नाही. शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो काळा फिका भासत होता. एकच रंग शेजार बदलला की निराळा दिसतो, हा सिद्धान्त त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला.

आपल्या व्यापाऱ्यांनी हा ग्रंथ वाचलेला नसतो, तरी गादीवर पांढरीशुभ्र चादर अंथरूनच ते साडीची घडी मोडतात. पांढऱ्यावर ठेवलेला माल आपल्या खऱ्या रंगात दिसतो. लग्नाच्या खरेदीत एक साडी दुसरीवर टाकली की पहिलीचा रंग ‘बसतो’ किंवा ‘उठतो’, हेही त्यांना ठाऊक असते. संगणकावर हीच परीक्षा वीस ब्लॉकवर एकदम घेता येते. मरून चांदणी जांभळीच्या शेजारी आली तेव्हा दोन्ही मंद वाटल्या. तीच मोहरीच्या शेजारी नेताच तिच्यातील तांबूसपणा खुलला. चांदण्यांच्या जागांची अदलाबदल करण्यात आमचा एक पूर्ण रविवार गेला. त्यात एक दोराही खर्च झाला नाही.

नक्षीचे माप

तिसरा विचार नक्षीच्या आकारमानाचा. ताग्यावर डौलदार दिसणारे मोठे फूल लहान त्रिकोणात कापले की त्याची फक्त एक पाकळी आणि अर्धे पान उरते. बारीक बुट्टीचे कापड दुरून साधे दिसते. पट्ट्यांच्या कापडाला दिशा असते; तुकडा फिरला की पट्टीही फिरते. म्हणून क्विल्टमध्ये मोठी, मध्यम आणि बारीक अशा निरनिराळ्या मापांच्या नक्ष्या एकत्र आणतात आणि डोळ्यांना विसावा म्हणून मध्ये साधे कापड ठेवतात.

येथे प्रणाली वापरणाऱ्याने एक काळजी घ्यावी. कापडाचे छायाचित्र पट्टीत घेताना त्याचे खरे माप प्रणालीला सांगावे लागते. चार इंचांचे फूल पडद्यावर एका इंचाचे दिसू लागले, तर संपूर्ण क्विल्ट सुबक दिसेल आणि तो सुबकपणा खोटा असेल. भाचीने प्रत्येक साडी सपाट अंथरून, शेजारी फूटपट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडात वरून छायाचित्र घेतले आणि पट्टीवरील इंचांशी चित्राचे माप जुळवले.

तेव्हा निळ्या साडीची अडचण समोर आली. तिच्यावर साडेतीन इंचांची फुले आहेत. मापात घेतल्यावर बहुतेक चांदण्यांत फुलांचे नुसते अवशेष दिसू लागले. या प्रणालीत तुकड्याच्या चौकटीमागे कापड हवे तसे सरकवून पाहण्याची सोय आहे. चार इंचांच्या मधल्या चौरसात एक फूल बरोबर मध्यभागी आणल्यावर चांदणीला जणू गाभारा मिळाला. टोकांच्या त्रिकोणांसाठी फुलांमधील मोकळी निळी जमीन पुरेशी होती. असे वेचून कापताना कापड थोडे अधिक लागते, हे मात्र हिशेबात धरावे लागते.

पन्हा, माया आणि वार

आता मूळ प्रश्न : कापायचे किती?

अमेरिकेत कापड यार्डाने विकले जाते. यार्ड म्हणजे छत्तीस इंच, म्हणजेच नऊवारीतील आपला ‘वार’. क्विल्टसाठीच्या सुती कापडाचा पन्हा सामान्यतः ४४ इंच असतो. किनारी आणि आटणे वजा जाता हिशेबाला ४० इंच धरतात. प्रत्येक तुकड्याला चारही बाजूंनी पाव इंच शिलाईची माया ठेवायची. म्हणून तयार चार इंचांच्या चौरसासाठी साडेचार इंचांचा तुकडा कापतात. त्रिकोणांसाठी सव्वापाच इंचांचा चौरस कापून तो दोन्ही कर्णांवर छेदायचा; त्यातून चार त्रिकोण मिळतात.

एका ओहायो स्टारच्या पार्श्वभूमीला साडेचार इंचांचे चार आणि सव्वापाच इंचांचे दोन चौरस लागतात. वीस ब्लॉकसाठी अनुक्रमे ८० आणि ४०. चाळीस इंच पन्ह्याच्या एका पट्टीत साडेचारचे ८ चौरस बसतात, म्हणजे १० पट्ट्या, ४५ इंच. सव्वापाचचे ७ बसतात, म्हणजे ६ पट्ट्या, साडेएकतीस इंच. एकूण साडेशहात्तर इंच. दोन वारांहून थोडे अधिक, सुमारे १ मीटर ९५ सेंटिमीटर.

पन्हा लहान असेल तर? वापरण्याजोगा पन्हा ३४ इंच धरला तर पट्टीत अनुक्रमे ७ आणि ६ चौरस बसतात. मग १२ आणि ७ पट्ट्या लागतात आणि एकूण लांबी पावणेएक्याण्णव इंच होते. पन्ह्यातील सहा इंचांच्या फरकाने लांबी सव्वाचौदा इंचांनी वाढली. प्रणालीत कापडाचा पन्हा भरण्याची एक छोटी चौकट असते. तेथे आधीच भरलेला आकडा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, ते एवढ्यासाठी.

आता साड्या. एका साडीतून चार चांदण्या करायच्या. त्यासाठी साडेचारचे ४ आणि सव्वापाचचे ८ चौरस हवेत. पहिल्या पट्टीत सव्वापाचचे ७ चौरस बसतात. दुसऱ्या पट्टीत उरलेला एक आणि साडेचारचे चारही सहज मावतात. सव्वापाच इंचांच्या दोन पट्ट्या, म्हणजे साडेदहा इंच.

मी आकडा पुन्हा तपासला. साडेपाच मीटरची साडी सुमारे २१६ इंच लांब असते. त्यातील साडेदहा इंच म्हणजे शेकडा पाचहूनही कमी. प्रणालीने दिलेला अंदाज याहून थोडा मोठा होता. असे अंदाज हातचे राखूनच दिलेले असतात आणि विकत आणायच्या कापडासाठी ते योग्यही आहे. पण जे कापड बाजारात पुन्हा मिळणार नाही, त्याची कापणी कागदावर स्वतः आखून पाहावी.

“म्हणजे साडी संपत नाही?” भाचीने विचारले.

“नेसताना प्रथम कमरेला खोचतेस ना, त्या आतल्या टोकाकडून वीतभराहून थोडं जास्त जाईल. एखादी निरी कमी पडेल, इतकंच.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर उठून पेटी उघडल्याचा आवाज आला.

चार साड्यांचे साडेदहा-साडेदहा इंच आणि फुले वेचावी लागल्यामुळे निळ्या साडीचे पंधरा इंच, एवढेच कापड गेले. आतल्या टोकाकडचा फॉल तेवढा उसवावा लागला. ते टोक नेहमी आत राहिल्यामुळे तेथील रंगही ताजे राहिले होते. उरलेल्या साड्यांना नवी दुमड घालून त्या नेसण्याजोग्या झाल्या आहेत. दोन भाचीकडे आहेत, तीन तिच्या बहिणीकडे आणि त्या वापरल्या जातात.

पडदा जे सांगत नाही

या साधनाच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पडदा कापडाची नक्षी दाखवतो. त्याचा पोत, वजन आणि स्वभाव दाखवत नाही.

पडद्यावरील रंग प्रकाशाने उजळलेला असतो आणि कापडाचा रंग त्यावर पडलेल्या उजेडातून दिसतो. म्हणून अंतिम निवड प्रत्यक्ष कापडे दिवसाच्या उजेडात एकत्र ठेवूनच करावी. जुने आणि नवे कापड एकत्र येणार असेल तर नवे कापड आधी धुऊन, आटवून घ्यावे. अन्यथा पहिल्याच धुलाईत शिवणी ओढल्या जातात. मरून, लाल, गडद निळा या रंगांचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडावर दाबून रंग लागतो का ते पाहावे. पांढऱ्या पार्श्वभूमीच्या क्विल्टमध्ये ही परीक्षा टाळता येण्यासारखी नाही. त्रिकोणाच्या काही कडा उरेब येतात आणि त्या ताणल्या जातात, म्हणून कापण्यापूर्वी कापडाला हलकी खळ द्यावी. वापराने विरविरीत झालेल्या साडीला मागून पातळ सुती कापडाचा आधार द्यावा.

कापड कोणत्या धाग्याचे आहे, हेही चित्रावरून कळत नाही. आपल्या अनेक घरांत अहिंसेच्या विचाराने रेशीम वर्ज्य असते. त्यांनी वरच्या कापडाइतकीच मधल्या भरणीचीही चौकशी करावी, कारण बाजारात सुती आणि पॉलिएस्टर भरणीबरोबर लोकरीची आणि रेशमाचीही भरण मिळते.

व्यापाऱ्यांसाठी एक नोंद

अमेरिकेतील क्विल्टच्या दुकानांत तागे असतातच, पण त्यांच्या शेजारी आधीच कापलेल्या कापडांचे गठ्ठेही मांडलेले असतात. ‘फॅट क्वार्टर’ म्हणजे १८ गुणिले २२ इंचांचा तुकडा. ‘चार्म पॅक’ म्हणजे पाच इंची चौरसांचा गठ्ठा. ‘जेली रोल’ म्हणजे अडीच इंच रुंदीच्या पट्ट्यांची गुंडाळी. एकाच छापील मालिकेतील सर्व कापडांचा एकेक तुकडा त्यात येतो. वाराच्या हिशेबाने पाहिले तर असे कापड ताग्यावरील कापडापेक्षा महाग पडते आणि तरीही ग्राहक ते आनंदाने घेतात. आपल्याकडे कात्रीने भाव उतरतो, तेथे नेमक्या मापाच्या कात्रीने तो चढतो. कारण तो तुकडा ग्राहकाच्या आराखड्यात जसाच्या तसा बसतो आणि मेळ जुळवण्याचे निम्मे काम दुकानदाराने केलेले असते. कपाटात कटपीस साठून राहणाऱ्या दुकानदाराने ही गोष्ट मनात ठेवावी.

ज्यांना हे काम करून पाहायचे आहे त्यांनी प्रणाली लगेच विकत घेण्याची घाई करू नये. चौकटीचा कागद, रंगीत पेन्सिली, फूटपट्टी आणि मोबाइलचा कॅमेरा यांवर पहिला आराखडा उत्तम होतो. काम वाढले की संगणक घ्यावा. क्रम मात्र तोच ठेवावा : प्रथम फिकट-गडद, मग शेजार, मग नक्षीचे माप आणि शेवटी पन्हा मोजून हिशेब. कपाटातील साडीच्या बाबतीत एवढे अधिक करावे की आकडा मांडल्यावर तो निम्म्या मापाच्या कागदी तुकड्यांनी एकदा जमिनीवर जुळवून पाहावा. जी साडी कापायला आपण वर्षानुवर्षे भीत असतो, तिचे फार थोडे कापड पुरते, असे बहुतेक वेळा आढळून येईल.